मोसंबीचा ताण

आत्याबाई, पाठकोऱ्या कागदावर तुम्हाला लिहायला बसले आहे. पूजा आटोपली, दुधाचा हिशेब झाला, आणि मुलगा आत्ताच रागावून मळ्यात गेला. मोसंबीची पानं मलूल झालीत, विहिरीवरचं इंजिन चालू करू दे म्हणतो. मी नाही म्हणाले.

तुमच्या वेळी निजामाचं राज्य होतं आणि विहिरीवर मोट होती. मी मॅट्रिक झालेली तुमची नवी सून, शेतीबागेतलं काही न कळणारी. बागेला तेव्हा बारा महिने थोडी थोडी फुलं यायची, म्हणून व्यापारी फिरकत नव्हता. यंदा बहार एकदम धरला नाही तर झाडं काढून कापूस लावायचा, असं मामंजींनी ठरवलेलं. झाडं तुमच्या हातची. मार्गशीर्षात तुम्ही मोट थांबवलीत. मी घाबरून विचारलं, तर सुपावरून मान वर न करता म्हणालात, "पाणी भेटत राह्यलं की झाड पाल्यातच रमतं, माय. वाढ थांबली की मंग फुलाचं बघतं. बराबर ताण बसू दे."

मामंजींनीही बहारासाठीच नेम धरला होता. विहिरीवरच्या महादेवाला रोज घागरीवर घागरी. ते पाणी पन्हळीतून थेट शेजारच्या ओळीत जायचं. सगळी बाग सुकली आणि तेवढी ओळ हिरवीगार, नवी पालवी फुटलेली. मामंजी खूश. "बघा, देव पावला."

"पाला आलाय," तुम्ही म्हणालात. "पाला कोण घेतंय बाजारात?"

"मंग काय महादेवाला कोरडा ठेवू?"

"तुमी घाला की. खाली मी हाय."

दुसऱ्या दिवशी पन्हळीखाली तुम्ही घंगाळ ठेवलंत. ते भरलं की आपण दोघी उचलून मिरचीच्या वाफ्यात ओततो आहोत, आणि मामंजी ओलेत्यानं बघताहेत.

"तीर्थ मिरचीला?"

"मिरचीनं काय पाप केलंय?"

मामंजी आपल्या दोघींशी बोलेनासे झाले. ताट पुढं आलं की जेवायचे, उठायचे. शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "बाग उपाशी मारून राह्यल्या का काकू?" तुम्ही हसून तिलाच मिरच्या द्यायचात. देवाच्या कामात आडवं येतोय असं मला वाटायचं, पण घंगाळाचा दुसरा कान मी सोडला नाही.

पौष सरता सरता पानं गळू लागली. तुम्ही एक काडी नखानं खरवडलीत, आत हिरवी होती, म्हणजे झाड जिवंत होतं. "आता सोडा पाणी." आधी हलकं, मग भरपूर. पुढं एका सकाळी चुलीच्या धुरातून वास आला आणि बाहेर बघते तर सगळी बाग एकदम पांढरी. महादेवाजवळची ओळ थोडी मागून फुलली. मामंजींनी खाली पडलेली फुलं वेचून पिंडीवर वाहिली. कापसाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाले, "सूनबाई, घंगाळ घासून घरात ठेव."

आज सकाळी मीही काडी खरवडून पाहिली. आत हिरवी आहे, पण पानं गळू लागलेली नाहीत; अजून ताण पुरता बसलेला नाही. इंजिनाचं हँडल मी देव्हाऱ्याखाली ठेवलंय. मुलाला हवं तेवढं रागावू दे, योग्य वेळ आल्याशिवाय ते निघणार नाही. हा कागद घडी करून ठेवीन, धाडणार कुठं? तुम्हाला तेव्हा भीती वाटत होती का, हे विचारायचं राहून गेलं. मला वाटते. हल्ली जेवताना मी मळ्याकडच्या दाराकडे पाठ करून बसते.