खुंटीपर्यंत पाणी

प्रिय बाबा,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की नव्या नकाशात आपली गल्ली पुराच्या रेषेबाहेर आहे, तेव्हा आता काळजीचं कारण नाही. त्यातला पहिला भाग बरोबर आहे, दुसरा चूक. गल्ली रेषेबाहेर आहे, आणि काळजीचं कारण नेमकं तेच आहे. मी घाईत लिहून मोकळी झाले.

औषधवाले काका, हे तुम्हीच वाचून दाखवत असणार. एक विनंती आहे, मागच्यासारखं काउंटरवर वाचू नका. खोकल्याचं औषध न्यायला आलेली माणसंसुद्धा थांबून ऐकत होती, आणि 'काळजीचं कारण नाही' हे वाक्य तुम्ही लोकाग्रहास्तव दोनदा वाचलंत, असं दादा सांगत होता. या वेळी बाबांना मागच्या खोलीत घेऊन जा, आणि मग पुढे वाचा.

फोन करता आला असता. पण दादा फोन स्पीकरवर टाकतो, आणि बाबा, मी काहीही अवघड बोलायला लागले की तुम्ही "बरं, जेवलीस का?" विचारून फोन ठेवून देता. भांडण नको म्हणून करता, हे मला कळतं. मीही तशीच आहे. म्हणून कागदावर लिहिते आहे, कागद मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतो, पण काकांसमोर तुम्ही तसं करणार नाही.

सगळ्यात आधी आत्याचं. माझं पत्र ऐकल्यावर तुम्ही आणि दादाने तिची खाट वरून खाली, पुढच्या खोलीत आणलीत. तिला रस्त्यावरची वर्दळ दिसते, येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारता येतात, ती खुशीत आहे, हे सगळं दादाने मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. बाबा, तिला आजच पुन्हा वर न्या. चिडेल, शिव्या देईल, माझ्या नावाने द्यायला सांगा. पण न्याच. ज्या बाईला उठून बसायला दोन माणसं लागतात ती त्या खोलीत झोपायला नको, आणि ती तिथे आहे ती माझ्या एका वाक्यामुळे.

आता कारण सांगते. तुम्ही नेहमी विचारता की या ऑफिसात मी दिवसभर करते तरी काय. नदी वरच्या लोकांकडून येते आणि आपल्याकडे उतरते. इतकी वर्षं त्यांचे नकाशे त्यांच्या हद्दीशी संपायचे, आपले आपल्या. हद्दीपलीकडे कोरा कागद, जणू नदी तिथून उगवते. ते धरणाचे दरवाजे उघडायचे, आणि आपल्याला कळायचं ते पाणी दारात आल्यावर. आता दोन्हीकडची माणसं एका लांब टेबलाशी बसून एकच नकाशा करतात. पहिल्या महिन्यात कुणी कुणाच्या थर्मासमधला चहासुद्धा घेत नव्हतं. आता वरच्या मॅडम, म्हणजे धरणावरच्या मुख्य इंजिनियर, माझ्या डब्यातलं न विचारता उचलतात. हे जमलं याचा मला किती अभिमान वाटायचा, ते तुम्ही माझ्या पत्रांतून ऐकलंच आहे.

ठरलं आहे ते असं. दरवाजे उघडण्याआधी ते हा नकाशा बघणार. जिथे लाल रंग आहे तिथे पाणी पोचायच्या आत भोंगे वाजवायचे, होड्या पाठवायच्या, माणसं हलवायची, आणि तोवर धरणात पाणी अडवून धरायचं. जिथे लाल नाही तिथे काहीच करायचं नाही, कारण तिथे पाणी जातच नाही असं दोघांनी मान्य केलं आहे. मागच्या आठवड्यात वरच्या मॅडमनी आपल्या भागावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, या बाजूला मोकळीक आहे, इथे आम्ही आणखी एक दरवाजा उघडू शकतो. त्यांचं बोट आपल्या गल्लीवर होतं. मी मान डोलावली, बाबा. मला तेव्हाही काही खटकलं नाही.

तुम्हाला वाटेल, पूर आला तेव्हा ही घरातच होती, हिला कसं आठवलं नाही? आठवत होतं. तुम्ही मला माळ्यावर चढवलंत, दप्तर माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, पुस्तकं ओली झाली तर मी तुलाच वाळत घालीन. खाली तुमचा कामाचा शर्ट खुंटीला टांगलेला होता, पाणी खुंटीपर्यंत आलं होतं, आणि शर्टाची एक बाही पाण्यावर पसरून हलत होती. मी ती बाही बघत बसले होते. पण नकाशासाठी जमवलेल्या माहितीत आपल्या गल्लीपुढे घोट्याएवढं पाणी असं होतं, आणि मी स्वतःची समजूत घातली की मी लहान होते, लहान मुलांना सगळंच उंच वाटतं. घरात पहिल्यांदा शाळेत गेलेली मी. छापलेलं खरं आणि आपल्याला आठवतं ते कच्चं, हे मी कधी शिकले कोण जाणे. पण पक्कं शिकले.

मग परवा जेवणाच्या सुट्टीत मोजणीवाले गप्पा मारत होते. हे आपल्याच बाजूचे, फीत घेऊन भिंतींवरचे पुराचे डाग मोजत घरोघरी फिरलेले. कुठे कुत्रं अंगावर आलं, कुठे लोकांनी दारातूनच हाकललं, असं चाललं होतं. मग म्हणाले, पाहुणचार झाला तो फक्त एका गल्लीत. तिथे एक रंगारी होता. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, आणि स्वतः भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "बघा साहेब, डाग तरी दिसतो का कुठे? घोटा भिजला असेल, बस." सगळे हसले, मीही हसले. हसता हसताच मला तुमचा हात दिसला, नखांच्या कडेला कायम रंग असलेला. मी डबा तसाच बंद केला.

पुरानंतर काही वर्षांनी मी सुट्टीला हॉस्टेलवरून घरी आले तर सगळी गल्ली रंगवलेली होती. उरलेसुरले डबे जमवून, कुणाच्या भिंतीला पोपटी, कुणाच्या गुलाबी, आणि सगळं खुंटीच्या थोडं वरपर्यंतच. तुम्ही कुणाकडून काही घेतलं नव्हतंत. मी म्हटलं होतं, गल्ली किती छान दिसतेय, आणि तुम्ही दुसरीकडे बघत ब्रश धुवत राहिलात. मला वाटलं, कौतुकाने लाजलात.

तुम्ही ते का केलंत ते मला विचारायची गरज नाही. 'बुडकी गल्ली' हे नाव मी शाळेत रोज ऐकलं आहे. त्या नावावरून दादाचं एक लग्न मोडलं. दादाला घरावर आणखी एक मजला बांधायचा होता आणि परवानगीच्या खिडकीवरचा माणूस पत्ता ऐकूनच मान हलवायचा. तुम्हाला फसवायचं नव्हतं कुणाला. गल्लीला इतर गल्ल्यांसारखं दिसायचं होतं, आणि तुमच्या हातात रंग होता. तुमच्या जागी मी असते तर मीही ब्रशच उचलला असता. म्हणून मला तुमच्यावर रागावता येत नाही. खरं तर रागावता आलं असतं तर हे पत्र सोपं झालं असतं.

आता का लिहिते आहे ते. नकाशातला आकडा बदलायचा तर ते पाणी डोळ्यांनी बघितलेल्या माणसाने दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं. तो माणूस मी आहे. मी खुंटीची उंची सांगणार आहे. भिंत कुणी रंगवली हे आपणहून बोलणार नाही, पण विचारलं तर खोटं बोलणार नाही. हे आमचंच घर आहे म्हटल्यावर मला बहुधा त्या टेबलावरून उठवतील. ते त्यांचं बरोबर असेल. गल्ली लाल होईल. दादाचा मजला अडकेल, शेजारी तुम्हाला बोलतील, ते जुनं नावही परत येईल, आणि हे सगळं घरातल्याच शिकलेल्या मुलीने केलं असं म्हणतील. तुमच्या आधी हे बाहेरच्यांना कळू नये, एवढंच मला जपता येण्यासारखं उरलं आहे. तुम्ही येऊन माझ्याऐवजी सांगितलंत तर मी मागे उभी राहीन, पण या म्हणायचा धीर मला होत नाही. माफी मागावी तर कशाची, तेही नीट ठरत नाही. जे करणार आहे त्याची मागता येत नाही, कारण ते करणारच आहे. बैठक एकोणीस तारखेला, शुक्रवारी सकाळी आहे. मी शुक्रवारी सांगणार आहे.

तुमचीच,
धाकटी