हिरवी पट्टी सरकताना

प्रिय दीपा,

डोकं ठिकाणावर आहे का गं तुझं? सॉफ्टवेअर लावायला तू पाठवलेल्या विक्कीच्या हातीच हे पत्र देतेय. फोनवर बोलायचं तर इथं भिंतीलाही कान आहेत. तो समोर चहा पितोय, यवतमाळची बस यायची आहे, तेवढ्यात लिहून काढते.

तुझं बिलाचं सॉफ्टवेअर आर्णीत आमच्याच कृषी केंद्रात येणार म्हटल्यावर मी मनातून फुगले होते. आपली दीपा! विक्कीनं पेनड्राइव्ह लावला, सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चढू लागलं, पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली आणि स्पीकरमधून कुणीतरी गुणगुणायला लागलं. माझ्या हातातली बियाण्याची पाकिटं खालीच पडली. माझा आवाज! होस्टेलवर कपडे वाळत घालताना तू मोबाइलवर घेतलेला. माझ्यावर जीव आहे म्हणून लावलास, कळतं मला. पण एका शब्दानं विचारायचंस तरी.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खुर्ची ओढली. बाई मस्त गाऊन राह्यली, म्हणाले. मला मात्र घाम फुटला, कारण त्या रेकॉर्डिंगचं शेपूट मला पाठ आहे. तू ते विसरलीस. विक्की सांगत होता, तुझ्या नव्या लॅपटॉपवर सगळं चुटकीसरशी होतं, गाणं सुरू झालं न झालं की बंद. आमचा कॉम्प्युटर म्हणजे म्हातारा बैल. इथं पट्टी रांगते आणि आवाज पुढे पुढे जातो. गुणगुणून झाल्यावर मी खळखळून हसते आणि म्हणते, दीपे, लग्नाले हो म्हटलं ते बाबाच्या धाकानं, मले तर गाणंच शिकाचं हाय.

ही मंडळी मला बघायला आली तेव्हा बाबांनी छातीठोक सांगितलं होतं, पोरीला गाण्याबिण्याचा नाद नाही. ते खोटं मी आजवर निभावलं. पियुष नवरा म्हणून वाईट नाही, पण त्यालाही कधी कळू दिलं नाही. न्हाणीतसुद्धा तोंड मिटून असते मी.

स्पीकरची वायर ओढायला गेले, तर मामाजींनी अडवलं. राहू दे ना, काहून बंद करतं? मग ते हसणं आलं. मी डोळे मिटून घेतले. आणि लाईन गेली! कॉम्प्युटर, स्पीकर, पंखा, सगळं बंद. एरवी शिव्या घालते, आज हात जोडले.

काम अर्धवट राहिलं. शनिवारी विक्की पुन्हा येणार, आणि तोवर पियुष नागपूरहून परतलेला असेल. मामाजींनी त्याला फोन करून सांगूनही टाकलं, की सॉफ्टवेअरात बाई गाते, तू आल्यावरच लावू.

हे वाचून तू घाबरशील आणि आवाज काढून विक्कीकडे मुकाच पेनड्राइव्ह देशील. मी काय तुला ओळखत नाही? म्हणून तर हे पत्र. काढू नकोस, दीपा. लाईन गेल्यावर दुकानात उभी होते तेव्हा भीती होतीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते पुढचं ऐकायचं राहिल्याचं. किती दिवसांनी ऐकली गं ती हसणारी पोरगी! शनिवारी मी स्पीकरपाशीच बसणार आहे. तिच्या आधी मीच पियुषला सांगेन, हा आवाज माझा आहे. आणि माझी जीभ टाळ्याला चिकटलीच, तर ती बोलेल.

तुझीच, अजून गाणारी,
समीक्षा