पाय घसरला नव्हता

ओवे, ९ जानेवारी २०२५

चि. मनस्वीस अनेक आशीर्वाद.

मोबाईलवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून पोस्टाने भांडते. कालचा कबड्डीचा सामना मी पुढच्या रांगेत बसून पाहिला. गव्हाणच्या सहा जणी बाद, अंगणात तू एकटी, आणि समोर जिल्हा निवड समिती. शेवटचा गडी किती टिकतो, यावरच त्याची किंमत ठरते. आणि तू चढाईला निघालीस ती सरळ रेषेबाहेर. समोरच्यांना आयतं लोण मिळालं. मागून एक पोरगा म्हणाला, हिला रेषा दिसत नाय.

समितीवरचे भगवान सर माझ्या वेळचे. ते म्हणतात, पाय घसरला एवढं तिने येऊन सांगावं, नाव घालतो. जिल्ह्याकडून खेळलीस तर पुढे खेळाडू कोट्यातली नोकरी आहे. माझ्या तसल्याच नोकरीवर आपल्या घरातली पोरं शिकली. वीस तारखेला जा आणि ते एक वाक्य बोलून ये.

लोभ आहेच, तुझ्या हट्टाला पुरून उरेल इतका.

तुझी,
सत्यवती आत्या

गव्हाण, २२ जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न.

पाय घसरला नव्हता. लोण बसलं की समोरच्यांना गुण मिळतात, पण आपल्या बाद झालेल्या सगळ्या परत आत येतात, हे मला तूच शिकवलंस. मी एकटी नाचत राहिले असते तर वेळ संपला असता, आम्ही हरलो असतो आणि पेपरात माझा फोटो आला असता. सगळ्या आत आल्या म्हणून हेतलने त्यांच्या चढाईवालीचा घोटा धरला, वेणूने शेवटच्या चढाईत दोघींना मारलं आणि आम्ही जिंकलो. हे तू पत्रात लिहिलंच नाहीस.

मी वीसला गेले नाही. भगवान सरांना म्हणावं, नुसतं एकटं उभं राहणारंच हवं असेल तर हायवेला खांब पुष्कळ आहेत. आईने अबोला धरलाय. बाबा म्हणतात, आत्यावर गेली असती तर बरं झालं असतं.

राग मानू नकोस असं लिहिणार होते. मान. तू टिकलीस, नोकरी मिळवलीस, याचा मला अभिमान आहे. पण तुझ्याबरोबरच्या बाकी सहा जणींची नावं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकली नाहीत. तुझ्याही नाही.

लोभ कमी केलास तरी मी भाची तुझीच.

मनस्वी

ओवे, २ फेब्रुवारी

चि. मनस्वीस आशीर्वाद.

यादी लागली. वेणू आणि हेतल आहेत, तू नाहीस. मी भगवान सरांशी भांडून आले. उपयोग झाला नाही. तू केलंस ते मला अजून पटलेलं नाही, पण हसणाऱ्यांनी हसावं हेही पटलेलं नाही. नावं सहाही येतात मला. लिहीत नाही, जिंकलीस म्हणशील.

परवा वेणू आली होती. मनस्वी नाय तर मी पण नाय, म्हणाली. मी तिला उभ्या उभ्या झापली. म्हटलं, ती बाहेर गेली तेव्हा तुम्ही सगळ्या आत आलात. तू बाहेर गेलीस तर आत कोण येणार? डोळे पुसत बॅग भरायला गेली.

शनिवारी सकाळी पनवेल स्टँडवरून जिल्हा संघाची गाडी आहे. वेणूला बसवून दे आणि लगेच माघारी फिर. खिडकीखाली उभी राहिलीस तर ती उतरेल.

लोभ मागत नाही, हक्काने घेते.

तुझी,
आत्या