मोठ्या मापाच्या बांगड्या

जयनगर, बेंगळूर
५ फेब्रुवारी १९९६

चि. भव्यास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक. काल ओटीभरणाहून परतताना ह्यांनी विचारलं, "जेवण कसं होतं?" म्हटलं, छान होतं. खरं तर घास उतरला नाही.

हिरव्या साडीत तू फार देखणी दिसत होतीस. बघून माझा जळफळाट झाला, हे लिहूनच टाकते. दोघींच्याही काळजाला जन्मापासून छिद्र. तुझं वेळेवर सापडलं, लहानपणीच ऑपरेशन झालं. माझं कळेपर्यंत फुप्फुसांवर दाब चढला होता. मूल होऊ देऊ नका, जिवावर बेतेल, म्हणाले डॉक्टर. तुला मात्र "जपून राहा" एवढंच! आणि काल मी ओटी भरायला उठले तर आई हळूच म्हणाली, "सौम्या, तू बैस गं, तुला दम लागेल." दम कसला! वांझेचा हात नको होता तिला.

मग कोपऱ्यात बसून तुझ्याकडेच बघत राहिले. जळणाऱ्याला बारीकसारीक सगळं दिसतं. यल्लव्वा कासारीण चुडा भरायला बसली, तर एकही बांगडी मनगटावर चढेना. "मागच्या महिन्यातलंच माप की हो अक्का! सरी, असू दे, मोठ्या काढते," ती म्हणाली. सगळ्या हसल्या, अंग भरलंय म्हणाल्या. तू पैंजण वर सरकवलेस, तर खाली खोल वळ. वर मला हसत सांगितलंस, "अक्का, बाळ आडवं पडूच देत नाही, खुर्चीत बसूनच झोपते."

भव्या, ती सूज आहे. तुझं काळीज थकलंय. माझं असं झालं की मला दवाखान्यात नेतात, म्हणून कळतं. काल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. जळते म्हणून अभद्र बोलते, असंच म्हणाल्या असत्या सगळ्या. फोन केला तर आई उचलेल, म्हणून हे स्वतः चिठ्ठी घेऊन येलहंक्याला येताहेत. रिक्षा करून ह्यांच्याबरोबर आत्ताच तुझ्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. पाय दाखव, झोपेचं सांग. ठेवून घेतील म्हणून काही लपवू नकोस. आईला माझं नाव सांग, देऊ दे शिव्या.

मत्सर गेलाय असं समजू नकोस. तुझ्या मांडीवर मूल बघेन, तेव्हा पुन्हा जळेन. पण ते बघायला मिळू दे गं मला.

तुझी
जळकुटी अक्का