बहुमताने निर्दोष

सां-लेऑनिद, २ फेब्रुवारी

ती. फेर्नांमामांस,
शि. सा. न. वि. वि.

इंजिन बिघडलंय की नाही, हे हात वर करून ठरवता येतं का? समाजशास्त्राच्या पदवीतही ते शिकवलं नव्हतं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

आपल्या बर्फगाडी क्लबाची बचावाची गाडी घेऊन बाबा शनिवारी एकटे गोठलेल्या तळ्यापार गस्तीला जाणार आहेत. गाडी हल्ली फारच जोरात पळते. मी प्लग काढून पाहिला, तर पांढराफटक! म्हणजे इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडावर पाण्याचा फवारा मारला, तर आवाज बदलला. जोडाला चीर आहे, तिथून हवा शिरते. असं इंजिन झकास पळतं आणि एकदम पिस्टन जाळून बसतं.

सभेत हे सांगितलं, तर अध्यक्ष नॉर्मां म्हणाले की गाडी इतकी छान कधीच पळाली नव्हती, पोरीने दृष्ट लावू नये. मतदान झालं, गाडी निर्दोष ठरली. बाबा म्हणतात, सगळं मतदानाने व्हावं हा नियम तूच आणलास, आता मी तो मोडू होय?

आईने बसवाल्याबरोबर मांस भरलेली तुर्तिए पाठवली आहे. वृद्धाश्रमातल्या नर्सला दाखवू नका.

मायेत उणं पडू देऊ नये.
आपली,
रोझलीन


४ फेब्रुवारी

चि. रोझलीन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुर्तिए पोचली, अर्धी नर्सने खाल्ली. तुझ्या लोकशाहीला दंडवत! हवा जास्त, पेट्रोल कमी, हा आजार इंजिनाला क्लबातूनच लागला असणार. अगं वेडे, तो जोड नॉर्मांच्या मेव्हण्याने बसवलाय. त्याला चीर आहे म्हणणं म्हणजे नॉर्मांच्या सासरवाडीची अब्रू काढणं. दोष त्यांनीच शोधला असं सभेत सांग, टाळ्या पडतील आणि नवा जोडही येईल. मी अध्यक्ष असताना क्लब असाच चालवला.

पण तुझ्या बापाला त्या गाडीवर जाऊ देऊ नकोस. उणे तीसमध्ये तळ्याच्या मध्यावर गाडी बंद पडली, तर तो चालत परत यायचा नाही.

म्हाताऱ्याला विसरू नकोस.
फेर्नांमामा


६ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

खोटं बोलणं जमलं नाही. नवा जोड शहरातून यायला आठवडा लागेल, आणि बाबा उद्या निघणारच.

अध्यक्षांची स्वतःची गाडी त्याच बनावटीची आहे. आज दुपारी क्लबाच्या शेडात, सगळे कॉफी पीत बघत असताना, मी तिचा चांगला जोड काढून बचावाच्या गाडीला बसवला. पुन्हा फवारा मारला, आवाज जागचा हलला नाही. कुणीतरी विचारलं, याला मंजुरी आहे का. मी म्हटलं, सभेचीच आहे.

चिरलेला जोड मी अध्यक्षांच्या गाडीच्या हँडलला बांधला. सोबत ठरावाची प्रत लावली आणि खाली लिहिलं, हा बहुमताने निर्दोष आहे, तरी आपली हरकत नसावी. सही केली, पूर्ण नावाने.

आपली,
रोझलीन