आनंदादादाचं पडणं

डोंबिवली, २ सप्टेंबर २०२५

ती. आनंदादादास,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र.

तुझ्या भाचीला, जागृतीला, इथल्या नगरसेवक साहेबांच्या शाळेत खेळाच्या बाईंची जागा मिळतेय. तीन वर्षं पोर घरात बसून आहे. साहेबांची अट एकच. पंधरा तारखेला त्यांचा वाढदिवस. स्टेजवर तुझा सत्कार होईल, मग गंमत म्हणून ते तुला एक ठोसा मारतील आणि तू पडायचंस.

काय मागतेय ते मला कळतंय. सोळा वर्षं बॉक्सिंगमध्ये हेवीवेटला खेळलास, गुणांवर हरलास, पण कुणाला तुला खाली पाडता आलं नाही. तरी हो म्हण.

रागावलास तरी माया तोडू नकोस.
तुझी सगुणा

वर्तकनगर, ६ सप्टेंबर

चि. सौ. सगुणास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं सणकलं. ही अक्कल तुझ्या नवऱ्याचीच, कमलेशचीच असणार. टेंभी नाक्यावर माझी उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली होती, आणि आता मला केकशेजारी मांडणार! परवा खोपटला एकाने माझ्याबरोबर सेल्फी काढला, मग विचारलं, तुम्ही कुस्तीवाले ना? अशी आपली लोकप्रियता. आणि बुटाची नाडी बांधताना धाप लागते तो तुझा साहेब मला पाडणार.

येतो. शाल आणू नका म्हणावं, घरात सतरा पडल्यात. तांदळाच्या भाकऱ्या कर.

मुलांना पोटभर आशीर्वाद.
आनंदा

डोंबिवली, १९ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न.

जागृतीला ऑर्डर मिळाली. दादा, तू पडलास तेव्हा मी डोळे मिटून घेतले. लोक शिट्ट्या मारत होते. व्हिडिओ आमच्या सगळ्या बिल्डिंगमध्ये फिरला. साहेब म्हणाले, अगदी खरं वाटलं! तू मात्र जेवायलाही थांबला नाहीस.

आयुष्यभर जपलेलं माझ्या लेकीसाठी दिलंस. हे उपकार कसे फेडू?

तुझी, कायमची ऋणी,
सगुणा

वर्तकनगर, २४ सप्टेंबर

चि. सौ. सगुणास आशीर्वाद.

उपकार मानू नकोस, मला ते सोसत नाहीत. मी न पडायचं ठरवून आलो होतो. स्टेजवर चढताना समोर जागृती बसलेली दिसली, तरी माझं मन पालटलं नाही. म्हटलं, गेली नोकरी तर गेली, याचा ठोसा चुकवून मी हसत उभा राहणार. माझ्या नावापुढे मला तुझी लेक दिसली नाही, सगुणा. याची लाज वाटते.

ठोसा येताना दिसला. कसा चुकवायचा तेही कळत होतं. पायच हलले नाहीत, खरंच आडवा झालो. नंतर कमलेशने हात धरून उठवलं, ते तुम्हाला ठरलेलं वाटलं. मला एकट्याला उठताच येत नव्हतं.

मनातून उतरलो असेन, तरी असू दे थोडा लोभ. जागृतीला यातलं काही कळू देऊ नकोस. मामा तिच्यासाठी पडला, असंच तिला वाटू दे.

आनंदा