मावशी नावं ठेवत नाही

मायामी,
८ जानेवारी १९९६

ती. एदिल्मामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिते आहे, कारण ही बातमी एलिसेओभाऊंच्या दुकानातल्या फोनवर सांगण्यासारखी नाही. तिथे तू रिसीव्हर कानाला लावलास की अर्ध्या गल्लीला साखर संपल्याची आठवण होते. म्हणून परवा फोनवर सोमवारी सकाळी टीव्ही लाव, एवढंच बोलले.

तर ऐक. चार वर्षं नकाशासमोर उभी राहून मी लोकांना ऊनपाऊस सांगितला. आता सकाळच्या कार्यक्रमातली एकजण लग्न करून मेक्सिकोला गेली आणि तिच्या जागी मला बसवलंय. कायमचं नाही हं. कार्निव्हलपर्यंत बघणार आणि मग आमचे बास्केससाहेब ठरवणार. जमलं तर मी सूत्रसंचालिका, नाहीतर परत नकाशा. मावशी, मला एकतिसावं लागलंय. साबणाच्या वेष्टनावरचा माझा चेहरा कधीच बदलला, कॅलेंडरवाले आता विशीतल्या पोरींकडे जातात. ही खुर्ची मला हवी आहे. देवळात मेणबत्ती लावताना हे स्पष्ट शब्दांत सांग.

सोफ्यावर आम्ही तिघीजणी असतो. कार्यक्रम कितीतरी देशांत दिसतो, म्हणून बोलायचं एकाच गोड सुरात, कोण कुठल्या देशाची ते कळता कामा नये. तेवढं मला जमतं. घोटाळा हसण्याने केला. आज पहिल्याच दिवशी सोबत काम करणारा रोलांदो काहीतरी बोलला आणि मी हसले, म्हणजे तुझंच हसणं हसले. ध्वनिमुद्रणवाल्याने कानावरचं यंत्र काढून फेकलं. साहेबांनी नंतर बोलावून सांगितलं, की सकाळी लोकांच्या हातात कॉफी असते, पत्र्यावर नारळ पडल्यासारखं हसून ती सांडू नये. तेव्हा उद्यापासून मी फक्त दात दाखवणार आहे.

यंदा कार्निव्हलला आपल्या वस्तीच्या राणीचा पोशाख कसला करते आहेस? मला राणी केलंस तेव्हा सतरा वर्षांच्या पोरीला तू दोन तास स्टुलावर उभी केली होतीस, ते मी विसरलेले नाही.

शेजारच्या ओस्माइराबाईंना नमस्कार. लोभ आहेच, या सहा आठवड्यांत थोडा जास्त लागेल.

तुझी,
यादिरा

•

बारांकिया,
१९ जानेवारी १९९६

चि. यादिरा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर मोठं आलंय त्याला हसू नकोस. कागद माझा आहे, मी हवं तेवढं मोठं लिहीन.

तुझ्यासाठी इथे युद्ध झालं. वस्तीची एकच डिश एलिसेओच्या गच्चीवर, तो लावेल तेच सगळ्या घरांत दिसतं, आणि सकाळी नऊला सगळ्या बायकांना पेरू देशाचं चॅनेल हवं असतं. तिथे कुठल्याशा मालिकेत एक बाई वर्षभर कोमात आहे. मी एलिसेओला सांगितलं, की ती आणखी वर्षभर उठत नाही, माझी पोर मात्र आत्ता बसली आहे. तो म्हणाला वर्गणीदारांचं मत घ्यावं लागेल. मग मी आठवण दिली, की त्याच्या लग्नाच्या पँटची शिवण ऐन मिरवणुकीत उसवली तेव्हा कोण धावलं होतं. चॅनेल लागलं. आता बायका माझ्याकडे रागाने बघतात आणि नऊला आपापल्या घरी तेच बघतात.

सोमवारी तू हसलीस तशी मी खुर्चीतून उठून उभी राहिले. पोशाख फार सुरेख होता. छान बसला होता, काही म्हणून काही नाव ठेवायला जागा नव्हती.

पण पोरी, त्यानंतर तू आहेस कुठे? मी रोज नऊला बसते, शेवटपर्यंत बघते. तीन बायका असतात, गोड गोड बोलतात, त्यांत तू नाहीस. फक्त दात दाखवते असं लिहिलंस, पण दात दाखवायला तरी सोफ्यावर यावं लागतं ना? आजारी आहेस का? काढून टाकलं असेल तर सरळ सांग, मी काही मरत नाही. शेजारणींना विचारायची सोय नाही, त्यांना वाटेल मी खोटी बढाई मारली.

राणीचा पोशाख यंदा मी घेतला नाही. किती वर्षं शिवायचं माणसाने? दुसऱ्यांनाही मिळू दे.

जेवत जा. बारीक होण्याच्या नादात गाल आत गेले तर मी ओळखणार नाही. माया आहेच, ती कुठे जाते आहे?

तुझी मावशी,
एदिल्मा

•

मायामी,
२९ जानेवारी १९९६

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं.

मावशी, मी रोज सोफ्यावर होते. मधल्या जागेवर. गुरुवारी तर पिवळ्याजर्द झग्यात होते, मला न बघणं आंधळ्यालाही जमलं नसतं, असं रोलांदो म्हणाला. हे वाक्य मला आत्ता लिहितानाही टोचतं आहे.

आणि दुसरी गोष्ट. सोमवारचा पोशाख माझ्या मापाचा नव्हताच. मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून आवळला होता, खांदा एका बाजूला उतरला होता. आई गेल्यापासून तू मला वाढवलंस. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक असो, राणीचा झगा असो, की बोगोतातल्या मोठ्या शिंप्याने शिवलेला गाऊन, तू माझ्या अंगावरच्या एकाही कपड्याला नाव ठेवल्यावाचून सोडलेलं नाहीस. बिशपच्या अंगरख्याची दुमड वाकडी आहे म्हणून भर प्रार्थनेत चुकचुकलेली बाई तू. तुला चिमटे दिसले नाहीत? छान बसला होता म्हणे!

राणीचा पोशाख घेतला नाहीस. अक्षर मुठीएवढं झालंय. आता मला फिरवू नकोस. तुझे डोळे किती दिसतात ते खरं सांग. नाहीतर मी फोन करीन आणि सगळ्या गल्लीसमोर विचारीन.

मला रडू येतं आहे आणि थोड्या वेळाने मेकअप करायचा आहे, म्हणून इथेच थांबते. लोभ राहू दे, पण खरं बोल.

तुझी,
यादिरा

•

बारांकिया,
५ फेब्रुवारी १९९६

चि. यादिरास आशीर्वाद.

हे पत्र ओस्माइराबाई लिहिताहेत. मी सांगते, त्या उतरवतात. शाळेत शिकवायच्या, त्यामुळे माझी वाक्यं सुधारतात. सुधारू नका असं मी आत्ताच सांगितलं. (मी फक्त जिथे फारच गरज आहे तिथे सुधारते. ओस्मा.)

पकडलंस तर. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. मला उजेड दिसतो, रंग थोडे दिसतात, माणसं म्हणजे चालत्या उश्या दिसतात. सुईत दोरा ओवणं गेल्या उन्हाळ्यापासून बंद. टीव्हीवर मी तुला बघत नव्हते, ऐकत होते. बोलायला तर त्यांनी तुम्हाला सारखंच शिकवलंय, कोण कुठली कळत नाही. तुझं हसणं तेवढं कळतं. ते त्यांनी काढून घेतलं आणि माझी पोर डब्यातून नाहीशी झाली.

डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, साधं आहे. त्यांना साधं, डोळा माझा. पलीकडच्या त्रान्सितोने करून घेतलं. चाळीस वर्षांनी नवरा नीट दिसला आणि आठवडाभर रडली. ते सोड. खरं सांगू? आता निदान उजेड आहे. सुरी चुकली तर तोही जाईल, आणि माझं शिवणयंत्र हे नुसतं फुलदाणी ठेवायचं टेबल होईल. मी भ्याले आहे, यादिरा. डोळे राखणाऱ्या संत लुसियाला चांदीच्या पत्र्याचे डोळे वाहिले, पण ती घाई करत नाही. (मीही समजावून थकले. ओस्मा.)

तू ये म्हणशील, हात धरून नेते म्हणशील. यायचं नाही. खुर्ची सोडून आलीस तर दार उघडणार नाही. माझी एकच अट आहे. तू साहेबाला घाबरून हसत नाहीस, मी डॉक्टरला घाबरून जात नाही, म्हणजे दोघी सारख्याच भित्र्या. आधी तू हस. टीव्हीवर, माझ्या कानाला ऐकू येईल असं, माणसासारखं. त्या दिवशी मी दवाखान्यात नाव घालते. तुझी नोकरी जाईल, मला माहीत आहे. माझा डोळाही जाईल कदाचित. बघ, परवडतं का.

माया आहे तशीच आहे, तिला मोतीबिंदू होत नाही.

तुझी मावशी,
एदिल्मा

•

मायामी,
१७ फेब्रुवारी १९९६

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

ऐकलंस ना? ऐकलं असशीलच. माझ्या मते डिशशिवायही ऐकू आलं असेल.

तुझी अट वाचून मी आठवडाभर ठरवत होते, की एक छोटंसं, बेतशीर हसू सोडून द्यावं, तुला पोचेल आणि साहेबांना कळणार नाही असं. जमेना. दात पुढे यायचे आणि हसू मागेच राहायचं.

काल कार्यक्रमात कार्निव्हलचा भाग होता. आपल्याकडचे ढोल आणि बासरीवाले आणले होते. टेबलावर सजावटीला परातभर मक्याचं पांढरं पीठ, आपण कार्निव्हलात एकमेकांवर उधळतो ते. ढोल वाजले आणि मला मी मायामीत आहे हे आठवेना. नेमके त्याच वेळी बास्केससाहेब, काळा कोट घालून, वेळ संपत आली असं खुणावायला कॅमेऱ्याच्या कडेला आले. मावशी, कार्निव्हल, हातात पीठ आणि समोर काळा कोट! आपल्या गावात याला विचार करावा लागत नाही. हात आपोआप गेला. साहेब केसांपासून कोपरापर्यंत पांढरे झाले आणि ढोलवाल्यांनी त्यांना हात धरून मध्ये ओढलं. सगळ्या देशांनी बघितलं. आणि त्यांच्या पापण्यांवरून पीठ गळताना पाहून मी हसले. सोफ्यावरून घसरून जमिनीवर बसून हसले. रोलांदो म्हणतो, दिवे हलले.

कार्निव्हलात पिठावरून कोणी रागवायचं नसतं, हे साहेबांना कोणी शिकवलेलं नाही, ते आपल्या बाजूचे नाहीत. कोट न झटकता निघून गेले. निरोप आला, की सोमवारी बोलावल्याशिवाय येऊ नये. नोकरी गेली असं सगळे म्हणतात. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण महिनाभरात पहिल्यांदा छाती मोकळी झाली आहे.

माझं झालं. आता तुझी पाळी. शब्द मोडलास तर त्रान्सितोकडून तुझी सगळ्या गल्लीत अब्रू काढीन. लोभ करावा आणि दवाखान्यात जावं.

तुझी,
यादिरा

•

बारांकिया,
१५ मार्च १९९६

चि. यादिरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र माझं मीच लिहिते आहे. अक्षराकडे बघ. ओस्माइराबाईंना दाखवलेलं नाही, त्यामुळे चुका माझ्या आहेत आणि मन मोकळं आहे.

त्या शुक्रवारी मी स्वयंपाकघरात ओल्या तुरीचा रस्सा ढवळत होते. तू हसलीस आणि पळी माझ्या हातातून भांड्यात गेली. पेरूच्या मालिकेवाल्या बायका आपापल्या दारांतून ओरडल्या, की तीच, तीच. मी म्हटलं, मला काय सांगता, हे हसणं आमच्या घरचं आहे. सोमवारी साहेबांनी तुला बोलावून भर कार्यक्रमात स्वतःच्या हाताने परातभर पीठ तुझ्या डोक्यावर ओतलं, खुर्ची तुझीच असं जाहीर केलं, हे मला दिसलं नाही, पण एलिसेओने दुकान बंद ठेवून रस्त्यात उभं राहून सांगितलं. मायामीतल्या आपल्या माणसांनी दोन दिवस त्यांचा फोन खाली ठेवू दिला नाही म्हणे. चांगलं केलं. माणूस शिकतो, वेळ लागतो.

कार्निव्हलची सुट्टी संपून दवाखाना उघडला, त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून मी तिथे नाव घातलं. पुढच्या आठवड्यात उजवा डोळा झाला. टेबलावर आडवी झाले तेव्हा संत लुसियाचं नाव घेत होते. मग ते नारळासारखं हसणं आठवलं आणि मलाच हसू फुटलं. डॉक्टर रागावले, म्हणाले हलू नका.

पट्टी काढल्यावर आधी ओस्माइराबाई दिसल्या. त्यांना बारीक मिशी आहे. इतकी वर्षं शेजारी राहून मला कोणी बोललं नाही.

आज सकाळी नऊला मी टीव्हीसमोर बसले. ऐकायला नाही, बघायला. मधल्या जागेवर तू होतीस. डोळ्यांच्या कडेला दोन रेषा आल्या आहेत, हुबेहूब तुझ्या आईच्या. त्यांच्यावर रंग थापू देऊ नकोस. रडायला डॉक्टरांची मनाई आहे, तरी मी रडले, आणि एका डोळ्याने का होईना, रडतानाही तू स्पष्ट दिसत होतीस.

तो निळा झगा कोणी शिवला? डावीकडची दुमड दोन बोटं खाली उतरली आहे, उजव्या बगलेत चूण पडते, आणि कॉलर तर गायीला बांधल्यासारखी. सगळ्या देशांसमोर अशी बसलीस! लाज वाटली मला. माप पाठव. यंत्रावरची फुलदाणी मी काढली आहे.

माया आहेच, दुमड तेवढी सरळ असू दे.

तुझी मावशी,
एदिल्मा